नाव एकीचे, वाणी अनेकींची : अरबी धर्मपरंपरेतील स्त्रिया

(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेत माजी विद्यार्थी व पालक यांच्यासमोर मुख्याध्यापिकांनी दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



अशा प्रसंगी मुख्याध्यापिकेने शाळेच्या वाटचालीविषयी बोलावे अशी अपेक्षा असते. ते काम माझ्या आधीच्या वक्त्यांनी उत्तम प्रकारे केले आहे. म्हणून मी जरा निराळा विषय घेते. आपण हैदराबादेत राहून मराठी जपतो. याच शहरात १८८८ साली स्थापन झालेली ‘दाइरतुल मआरिफ’ ही संस्था अरबी भाषेतील दुर्मीळ हस्तलिखिते संपादून प्रसिद्ध करीत आली आहे. शेजारच्या अंगणातील या धनाकडे आपले लक्ष क्वचितच जाते. मी अरबी जाणत नाही, मराठी साहित्याची विद्यार्थिनी आहे. अनुवादांच्या आधारेच वाचते. पण साने गुरुजींनी ‘इस्लामी संस्कृती’ लिहिली आणि विनोबांनी अरबी शिकून ‘कुराण-सार’ सिद्ध केले, त्या मराठी भाषेत हा विषय परका मानण्याचे कारण नाही.

कुरआनात ११४ अध्याय आहेत आणि त्या सर्वांत मिळून एकाच स्त्रीचे नाव येते : मरियम. ते ३४ वेळा येते. एकोणिसावा अध्याय तिच्याच नावाने ओळखला जातो. बाकीच्या साऱ्या जणी कुणाची तरी पत्नी, कुणाची माता, कुणाची भगिनी म्हणून येतात.

मरियमची कथा तिच्या जन्माआधीच सुरू होते. इम्रानची पत्नी पोटातील अपत्य देवाच्या सेवेला वाहण्याचा नवस बोलते आणि मुलगी होते. त्या काळी मंदिरातील सेवा मुलांनी करायची. आईच्या तोंडी क्षणभर संकोच येतो. पण नवस मोडला जात नाही, मुलगी स्वीकारली जाते. तिचा सांभाळ करणारे झकरिया तिच्या प्रार्थनास्थानी जातात तेव्हा तिच्याजवळ अन्न असते. हे कोठून आले, असे तिला विचारताच ती शांतपणे देवाकडे बोट दाखवते. वडीलधारा विचारतो आणि मुलगी सांगते, हा क्रम मला फार आवडतो.

पुढे प्रसूतीचा प्रसंग आहे. येथे ना गोठा, ना सोबतीला कोणी पुरुष. वेदनांनी व्याकूळ झालेली ती एकटी खजुराच्या बुंध्याशी येते आणि याआधीच मरण आले असते, आपण विस्मृतीत गेलो असतो तर बरे, असे म्हणते. धर्मग्रंथाने एका थोर स्त्रीच्या तोंडी इतकी हताश वाणी ठेवावी आणि तिला त्याबद्दल दोष देऊ नये, ही लहान गोष्ट नव्हे. तिला उपदेश मिळत नाही. पायाशी झरा आहे, बुंधा हलव, पिकलेला खजूर पडेल, खा, पी, डोळे निवव, असे सांगितले जाते. बाळंतिणीला आधी पाणी आणि अन्न! आपल्या आजीबाई याहून वेगळे काय सांगत?

याच अध्यायाशी इतिहासातील एक प्रसंग जोडलेला आहे. सुमारे ६१५ साली मक्केतील छळाला कंटाळून काही अनुयायी हबशांच्या देशी, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या बाजूस, आश्रयाला गेले. तेथील ख्रिस्ती राजाने त्यांना दरबारात बोलावले, तेव्हा जाफर इब्न अबी तालिब यांनी मरियमच्या अध्यायाचा आरंभ म्हणून दाखवला. राजाच्या डोळ्यांत पाणी आले आणि आश्रितांना त्याने परत धाडले नाही. पैगंबरांच्या प्राचीन चरित्रात हा वृत्तान्त उम्म सलमा यांच्या कथनातून आला आहे. त्या स्वतः त्या निर्वासितांत होत्या. एका स्त्रीच्या कथेने माणसांना आसरा मिळवून दिला आणि त्याची आठवणही एका स्त्रीनेच जपली.

आता नाव नसलेल्यांकडे वळते. सबाची राणी सत्ताविसाव्या अध्यायात आहे. सुलेमानाचे पत्र हुदहुद पक्षी घेऊन येतो. सरदार आपल्या बळाची ग्वाही देतात. राणी मात्र म्हणते की राजे नगरात शिरले की ते उद्ध्वस्त करतात आणि तेथील मानी लोकांना हीन करतात. ती युद्धाऐवजी नजराणा पाठवून अंदाज घेते. तिला ‘बिल्कीस’ हे नाव पुढच्या कथाकारांनी दिले. नेशापूरच्या सालबी यांनी (मृत्यू १०३५) पैगंबरांच्या कथांचा जो प्रसिद्ध अरबी संग्रह केला, तशा ग्रंथांतून ही नावे घरोघर गेली. फिरऔनची पत्नी ‘आसिया’ झाली आणि इजिप्तच्या सरदाराची पत्नी ‘झुलेखा’.

नाव मिळाले की मान वाढतोच असे मात्र नाही. कुरआनात आदम आणि त्याची सहचरी दोघेही चुकतात, दोघे मिळून क्षमा मागतात. एका ठिकाणी तर सैतान कुजबुजतो तो आदमच्याच कानात. नंतरच्या कथांत सहचरीला ‘हव्वा’ हे नाव मिळाले आणि त्यासोबत सारा ठपकाही तिच्या माथी आला. झुलेखाचे उलट झाले. मूळ कथेत तिचा अपराध स्पष्ट आहे, पण अखेर सत्य उघड झाले असे ती आपल्याच तोंडाने कबूल करते. पुढे कवींनी तिला प्रेमनायिका केले. जामीचे फारसी काव्य १४८३ चे. नंतर विजापूरच्या हाशमीने तीच कथा दख्खनीत आणली. प्रेमिका म्हणून ती अजरामर झाली, तिच्या कबुलीचे धैर्य मात्र मागे पडले.

महोत्सवासाठी शाळेची जुनी कागदपत्रे चाळताना मला हे सारखे आठवत होते. आरंभीच्या वर्षांत ज्या भगिनींनी दुपारचे वर्ग विनावेतन घेतले, त्यांची यादी आहे. पण तीत केवळ ‘सौ.’ आणि आडनाव. त्यांची स्वतःची नावे कोणाला ठाऊक असल्यास कार्यालयात अवश्य कळवावीत. स्मरणिका छापखान्यात जाण्यास अजून अवकाश आहे.

हाजरचे नाव कुरआनात नाही. हदीसमध्ये तिची कथा आहे. ओसाड खोऱ्यात तान्ह्या मुलासह ठेवून इब्राहिम निघतात तेव्हा ती विचारते, ही देवाची आज्ञा आहे काय? होकार मिळताच म्हणते, मग तो आम्हांला वाऱ्यावर सोडणार नाही. आणि तरीही ती बसून राहत नाही. पाण्यासाठी सफा आणि मरवा या टेकड्यांमध्ये सात खेपा धावते. हजला जाणारा प्रत्येक जण, राजा असो वा हमाल, त्याच सात खेपा घालतो. एका दासीची पावले कोट्यवधी पुरुष गिरवतात. नाव नाही, पण वाट तिचीच.

अठ्ठावन्नावा अध्याय ‘वाद घालणारी’ या शीर्षकाने प्रसिद्ध आहे. परंपरेनुसार ती खौला बिन्त सालबा. नवऱ्याने तिला ‘तू मला आईसारखी’ असे म्हणून टाकले होते. त्या रूढीने ती ना धड पत्नी उरे, ना मोकळी होई. ती पैगंबरांकडे दाद मागते, मनासारखे उत्तर मिळेपर्यंत हटत नाही. आणि तिचे गाऱ्हाणे देवाने ऐकले, या विधानानेच अध्याय उघडतो. रूढी निषिद्ध ठरते.

या स्त्रियांचे स्थान काय, यावर विद्वानांत खल झाला आहे. अकराव्या शतकात कुर्तुब्याच्या इब्न हझ्म यांनी मांडले की मरियम, मूसाची माता यांसारख्या स्त्रियांना ईश्वरी संदेश मिळाला, म्हणून त्या नबी होत. बहुतेकांनी ते मानले नाही. पण तेराव्या शतकातील भाष्यकार कुर्तुबी यांनी मरियमपुरते ते मान्य केले. मतभेद असो, प्रश्न विचारला गेला, हे मला महत्त्वाचे वाटते.

आणि शेवटी एक विसाव्या शतकातील विदुषी. इजिप्तच्या दमिएत्ता येथे १९१३ साली जन्मलेल्या आइशा अब्दुर्रहमान. वडील धर्मशास्त्राचे जाणकार, पण मुलीने शाळेत जावे हे त्यांना मान्य नव्हते. आईच्या आणि आजोबांच्या पाठबळावर ती शिकली. वृत्तपत्रांतील लेखन वडिलांना रुचणार नाही म्हणून तिने टोपणनाव घेतले ‘बिन्तुश्शाती’, म्हणजे किनाऱ्याची कन्या. पुढे त्या प्राध्यापक झाल्या, कुरआनावर साहित्यिक दृष्टीने भाष्य लिहिले, पैगंबरांची माता, पत्नी आणि कन्या यांची चरित्रे लिहिली. १९९४ साली त्यांना किंग फैसल पुरस्कार मिळाला. त्यांच्या ग्रंथांच्या मुखपृष्ठांवर दोन्ही नावे शेजारी शेजारी छापलेली दिसतात : डॉक्टर आइशा अब्दुर्रहमान, बिन्तुश्शाती.