बुडालेल्या युद्धनौकेचं नाव

जुन्या जहाजाचं नाव नव्या जहाजाला जरूर द्यावं. जहाज भंगारात निघालं, तरी त्यावरच्या माणसांची कामगिरी नावासोबत पुढच्या नौसैनिकांच्या हाती येते. १९६१ साली भारतीय नौदलात आलेल्या ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेची विमानं १९७१च्या युद्धात बंगालच्या उपसागरात लढली. ही नौका १९९७मध्ये निवृत्त झाली, काही वर्षं मुंबईत संग्रहालय म्हणून राहिली आणि पुढे तोडली गेली. कोचीत बांधलेली नवी ‘विक्रांत’ २ सप्टेंबर २०२२ रोजी दाखल झाली, तीही आर-११ हाच जुना क्रमांक घेऊन. अशाने इतिहासात घोळ होईल, असं कुणी म्हणेल. पण नावापुढे साल लिहिलं की तो मिटतो.

बुडालेल्या जहाजाचं नाव अशुभ, हा आक्षेप मात्र मनाच्या तळाशी असतो. ९ डिसेंबर १९७१च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानी पाणबुडीने ‘खुकरी’ बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १९४ जणांना जलसमाधी मिळाली. ते नाव टाळणं म्हणजे त्या माणसांनाच विसरणं झालं असतं. नौदलाने तसं केलं नाही. माझगाव गोदीत बांधलेल्या दुसऱ्या ‘खुकरी’ने १९८९पासून ३२ वर्षं सेवा बजावली आणि निवृत्तीनंतर ती दीवकडेच सोपवण्यात आली.