आक्कांची लेक कॉर्कला

आमच्या गटाची मागची बैठक दोन तास चालली. बचत, वसुली, प्रोसिडिंग सगळं अर्ध्या तासात उरकलं होतं. बाकीचा वेळ आम्ही आयर्लंडमध्ये होतो. हसू नका, खरंच सांगतोय.

आमच्या गटात एक आक्का आहेत. चार म्हशी, सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध. त्यांची मुलगी अन्नतंत्रज्ञान शिकली आणि बँकेचं कर्ज काढून एम.एस्सी.साठी आयर्लंडला, कॉर्क शहरात गेली. इंग्लंडच्या पश्चिमेला समुद्रात असलेला हा छोटा देश. २०१७ साली लिओ वराडकर तिथले पंतप्रधान झाले, तेव्हा आपल्याकडे त्याचं नाव गाजलं. त्यांचे वडील आपल्या मालवण तालुक्यातल्या वराडचे.

मुलगी पास झाली. तिथे एम.एस्सी. झालेल्या परदेशी मुलांना नोकरी शोधायला आणि करायला जास्तीत जास्त दोन वर्षं राहता येतं. आधी एक वर्ष, मग वाढवून आणखी एक. त्यातले पाच महिने सरले. एका हॉटेलात थोडे तास काम करून ती खोलीभाडं भागवते. बँकेचा हप्ता सुरू झालाय. थोडे पैसे ती पाठवते, उरलेले दुधाच्या बिलातून जातात.

अशात मुलीनं फोटो पाठवला. मोठा हॉल, बायका-पुरुष ओळीनं नाचतायत, मधे ही. आक्कांनी मोबाईल आमच्यापुढं धरला. "कर्ज डोक्यावर, आणि ही तिकडं नाचतीया!" मग खरी गोष्ट बाहेर आली. शहरात एक एजंट भेटलाय, दीड लाखात तिकडं कायमची नोकरी लावतो म्हणतोय. गटातून ऐंशी हजार द्या.

आमच्यात दोन तट पडले. आक्कांचा एकही हप्ता कधी चुकलेला नाही, नाही कसं म्हणायचं? पण एजंट कोण, कुठला? शेवटी आम्हीच म्हटलं, पोरीलाच विचारू. आपल्याकडे दुपारचे चार, तिकडे सकाळचे साडेदहा. फोन स्पीकरवर टाकला.

आधी ती नोव्हेंबर-डिसेंबरबद्दल बोलली. चार-साडेचारला अंधार पडतो, पाऊस थांबत नाही. वीस अर्ज केले तर एखादं उत्तर, तेही नकाराचं. "मावशी, दिवसदिवस कुणाशी एक शब्द बोललेला नसायचा," ती म्हणाली. हे तिनं आईला कधी सांगितलं नव्हतं. आक्का खाली बघत राहिल्या.

मग शेजारच्या आजी तिला जवळच्या गावातल्या महिला मंडळात घेऊन गेल्या. हे मंडळ म्हणजे आयरिश कंट्रीविमेन्स असोसिएशन, तिथल्या ग्रामीण बायकांची जुनी संघटना. १९१० साली वेक्सफर्ड जिल्ह्यातल्या ब्री गावात सुरू झाली. खेड्यात वीज यावी, घरात नळाचं पाणी यावं म्हणून या बायका झगडल्या. हे ऐकून आमच्या गटातल्या मागं बसलेल्या बायकाही पुढं सरकल्या. तिथंही दुधाचा कडक चहा. "घेणार का?" विचारलं की पहिल्यांदा "नको नको" म्हणायचं, मग घ्यायचा. आपलंच की!

१ फेब्रुवारी हा तिथे संत ब्रिजिडचा दिवस. ती गाईगुरांची, दुधादुभत्याची राखणदार. बाईच्या नावाची पहिली सरकारी सुट्टी तिथे तिचीच, २०२३ पासून. लव्हाळ्याचा क्रॉस विणून दारावर लावतात, आपण तोरण लावतो तसा. आपल्या पोरीनंही विणला. आई म्हशी पाळते म्हटल्यावर त्या बायकांनी म्हशींची नावं विचारली! नाचाचा फोटो त्याच आठवड्यातला.

त्याच बायकांनी तिचा अर्ज दुरुस्त केला. आपण फोटो, जन्मतारीख, लग्न झालं की नाही, सगळं लिहितो. तिथे ते घालत नाहीत. एकीनं साहेब होऊन तिची खोटी मुलाखत घेतली. आणि सिटिझन्स इन्फर्मेशन नावाचं फुकट माहिती देणारं केंद्र दाखवलं.

एजंटचं नाव काढताच पोरगी ओरडली. "आई, एक रुपया देऊ नको! इथल्या कायद्यानं नोकरी लावून देण्याचे पैसे एजन्सीला उमेदवाराकडून घेताच येत नाहीत. मी केंद्रात विचारलंय." दोन वर्षांनंतर कामाचा परवाना लागतो, पण त्यासाठीही आधी कंपनीकडून खरी नोकरी मिळालेली हवी.

आपल्याकडेही परदेशात नोकरी लावणारा एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला असावा लागतो. ई-मायग्रेट या सरकारी वेबसाइटवर नाव बघता येतं. आम्ही तिथंच बघितलं. या एजंटचं नाव नव्हतं.

ऐंशी हजार दिले नाहीत. बँकेच्या हप्त्यासाठी पंधरा हजार दिले, नेहमीच्या व्याजानं. कर्ज असताना नाच बरा नव्हे, असं आमच्यातल्या एक काकू अजून म्हणतात. म्हणू देत.

फोन ठेवायच्या आधी आक्कांनी विचारलं, तिकडं लोणी कसं करतात? "मीठ घालतात आई." आक्कांनी तोंड वाकडं केलं. मग हळूच म्हणाल्या, "आणि त्यो नाच कसा असतोय गं?"

दोन मुलाखती झाल्यात. एकीत नकार आला. दुसरी चीजच्या कारखान्यातली, तपासणीच्या प्रयोगशाळेत. तिचं उत्तर अजून यायचंय. आलं की तुम्हाला सांगू.