नणंदेला एकटीला विचारा

आम्ही चाळीसगावच्या कोर्टात पोटगी, मुलांचा ताबा, घटस्फोट अशी घरातली प्रकरणं चालवणाऱ्या वकील बायका. आज आम्ही सरोगसीबद्दल बोलणार आहोत, आणि सुरुवात आमच्याच चुकीपासून करणार आहोत.

दोन वर्षांपूर्वी जवळच्या खेड्यातून एक वहिनी, तिचा नवरा, सासू आणि नणंद असे चौघं आमच्याकडे आले. वहिनी चौतीस वर्षांची. बाळंतपणात बाळ गेलं आणि रक्तस्राव थांबेना म्हणून पिशवी काढावी लागली. पाटणादेवीला नवस बोलून झालेला. कुणी एजंट म्हणाला होता, पैसे भरा, बाई आम्ही बघतो. आम्ही सांगितलं, पैसे देऊन सरोगसी करणं आता गुन्हा आहे. जवळच्या नात्यातलीच बाई लागते. सासूने लगेच लेकीकडे पाहिलं. लेकीने मान खाली घातली.

आमचं बोलणं अर्धं बरोबर होतं, अर्धं चूक. जवळच्या नात्याची अट २०१९ च्या विधेयकात होती. पण २५ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या सरोगसी कायद्यात ती राहिली नाही. आता बाई नात्यातली असो वा नसो, ती स्वतःच्या मर्जीने तयार हवी. तिचं लग्न झालेलं असावं, स्वतःचं मूल असावं, वय २५ ते ३५ असावं. आयुष्यात एकदाच तिला हे करता येतं आणि स्वतःचं बीज तिने द्यायचं नाही. औषधपाणी, ठरवून दिलेला खर्च आणि ३६ महिन्यांचा विमा, यापलीकडे तिला पैसा देता येत नाही. धंदा म्हणून सरोगसी चालवणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड आहे.

आम्ही फाईल पुन्हा उघडली आणि नणंदेला एकटीला बोलावलं. ती म्हणाली, "ताई, माझी दोन्ही बाळंतपणं सिझेरियनची. सासरी कुणाला विचारलेलंही नाही. पण आईपुढे नाही कसं म्हणू?" आमच्या एका चुकीच्या वाक्याने त्या पोरीवर केवढं ओझं टाकलं होतं! आम्ही तिला सांगितलं, तुझी लेखी संमती लागते, तीही तुला समजणाऱ्या भाषेत सगळं सांगून झाल्यावर. होकार दिलास तरी गर्भ पोटात ठेवण्याआधी तो परत घेता येतो. नंतर सासूला बोलावून आमची चूक कबूल केली. सासू रागावली. वहिनीच म्हणाली, "राहू द्या आई. तिच्या जिवावर मला मूल नको."

आता दुसरी बाजू. मूल झाल्यावर आई कोण? मुंबई उच्च न्यायालयापुढे हाच प्रश्न आला होता. सरोगसीने जुळ्या मुली झालेल्या, स्त्रीबीज आईच्या धाकट्या बहिणीने दिलेलं. पुढे नवरा-बायकोचं बिनसलं. नवरा मुलींना घेऊन वेगळा राहू लागला आणि ती बहीणही त्याच घरात राहू लागली. नवऱ्याचं म्हणणं, बीज मेव्हणीचं, तेव्हा बायकोचा मुलींवर हक्क नाही. खालच्या कोर्टाने आईला भेट नाकारली. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायमूर्ती मिलिंद जाधव यांनी तो निकाल फिरवला. बीज दिलं म्हणून बहीण आई ठरत नाही, असं सांगून त्यांनी आईला दर आठवडाअखेर तीन तास मुलींना भेटायची परवानगी दिली. करार २०१८ चा, कायद्याच्या आधीचा. म्हणून आयसीएमआरच्या २००५ च्या मार्गदर्शक सूचना लावल्या गेल्या.

आमच्या वकील मैत्रिणींनी यातून एक धडा घ्यावा. करार कधीचा, गर्भ कधी गोठवला, ही तारीख आधी विचारावी. ९ ऑक्टोबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कायदा येण्याआधीच ज्यांनी गर्भ गोठवून ठेवले, त्यांना वयाची नवी अट लागू नाही. एरवी पत्नी २३ ते ५०, पती २६ ते ५५ अशी मर्यादा आहे; विधवा किंवा घटस्फोटित बाई असेल तर ३५ ते ४५. नियमही बदलत राहतात. मार्च २०२३ मध्ये दात्याचं बीज बंद झालं. फेब्रुवारी २०२४ मध्ये, जिल्हा वैद्यकीय मंडळाने गरज दाखवून दिली तर, दोघांपैकी एकाचं बीज दात्याकडून घ्यायची मुभा मिळाली. जुनी झेरॉक्स पाहून सल्ला देऊ नये. आमचं तेच झालं.

आणि सरोगसीतलं वकिलाचं काम मूल जन्मायच्या आधीचं आहे. जिल्हा वैद्यकीय मंडळाचा दाखला हवा. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे दाम्पत्य आणि सरोगेट बाई दोघांनी मिळून अर्ज करायचा. मूल कुणाचं आणि ताबा कुणाकडे, याचा हुकूम तिथे होतो. त्यानंतर जन्मलेलं मूल कायद्याने त्या दाम्पत्याचंच, वारसाहक्कासकट.

ती वहिनी अजून आमच्याकडे येते. दत्तक घ्यायचं की मर्जीने तयार होणारी कुणी भेटते का ते पाहायचं, हे तिचं ठरलेलं नाही. तिने घाई करू नये, असंच आम्ही म्हणतो. नणंद मात्र यंदा कानबाईला माहेरी आली होती. दोघींनी मिळून रोट केले, असं तिने आम्हाला फोनवर सांगितलं.

मैत्रिणींनो, तुमच्या घरात असा विषय निघाला तर जिच्या पोटाबद्दल बोलणं चाललंय तिला एकटीला बाजूला घ्या आणि विचारा.