मातीच्या पाटीवरील महापूर

जॉर्ज स्मिथ हा विद्यापीठातून बाहेर पडलेला पंडित नव्हे. चौदाव्या वर्षी तो लंडनमध्ये नोटांचे ठसे कोरण्याच्या कामावर उमेदवार म्हणून लागला. दुपारच्या सुटीत तो ब्रिटिश म्युझियम गाठी आणि निनेव्हेहून आलेल्या मातीच्या पाट्यांवरील कीलाकार लिपी न्याहाळीत बसे. या चिकाटीमुळे पुढे त्याला तेथेच नोकरी मिळाली.

त्या पाट्या इसवी सनापूर्वी सातव्या शतकातील असुरबनिपाल राजाच्या ग्रंथसंग्रहातल्या. १८७२ साली त्यांतील एका फुटक्या पाटीवर स्मिथला एक वृत्तांत आढळला : पर्वतावर टेकलेली नौका, तीतून सोडलेले कबुतर, बसावयास जागा न मिळाल्याने त्याचे परत येणे. बायबलातील नोहाची कथा ठाऊक असलेल्या कोणासही त्याची ओळख पटली असती. ३ डिसेंबर रोजी स्मिथने हा शोध विद्वानांच्या सभेत वाचून दाखविला, तेव्हा पंतप्रधान ग्लॅडस्टन श्रोत्यांत होते.

वाद लागलीच पेटला. बायबल खरे ठरले, असे काहींनी म्हटले. ते उसने ठरले, असे इतरांनी. पाटी मात्र अजून पुरती वाचून झाली नव्हती!

एका वृत्तपत्राने दिलेल्या एक हजार गिनींच्या बळावर स्मिथ १८७३ साली निनेव्हेस गेला. तेथे त्याला प्रलयकथेचा आणखी एक तुकडा सापडला. आपल्या पाटीतील उणीव भरून निघाली, असे त्यास वाटले. परंतु तो तुकडा अत्रहासिस नावाच्या निराळ्या काव्याचा होता, हे पुढील संशोधकांनी दाखविले. कथानायकाचे नाव स्मिथने 'इझ्दुबार' असे वाचले होते. ते 'गिल्गमेश' असल्याचे १८९० साली सिद्ध झाले. हे पाहण्यास स्मिथ उरला नव्हता. १८७६ साली, वयाच्या अवघ्या छत्तिसाव्या वर्षी, अलेप्पो येथे तो निवर्तला.

शतपथ ब्राह्मणातील मनू आणि मत्स्य यांची कथा येथे श्रोत्यांना सहजच आठवेल. तेथेही पूर आहे, नौका आहे, उत्तरेचा पर्वत आहे. पण बायबलात प्रलय येतो तो मानवाच्या पापामुळे. अत्रहासिसात माणसांच्या गोंगाटाने देवाची झोपमोड होते म्हणून. शतपथात मत्स्य पुराची सूचना देतो, त्याचे कारण सांगत नाही. साम्य प्रथमदर्शनीच डोळ्यांत भरते; हे भेद कळण्यास तिन्ही कथा सावकाश वाचाव्या लागतात.

कोणी कोणापासून काय घेतले, हा प्रश्न अभ्यासकाने अवश्य विचारावा. मात्र प्रत्येक समाजाने त्या कथेतून काय सांगितले, हे समजून घेतल्यावाचून त्याचे उत्तर देऊ नये. श्रद्धावंताने अशा वाचनाचे भय बाळगण्याचे कारण नाही. आणि संशोधकालाही आपले वाचन अखेरचे मानण्याचा अधिकार नाही. स्मिथच्या चुका ज्या पाट्यांनी दुरुस्त केल्या, त्या वाचावयास त्यानेच अनेकांना प्रवृत्त केले होते.