ब्लाटेन: बघितलेलं आणि न राहिलेलं गाव

स्वित्झर्लंड म्हटलं की आपल्याकडे लगेच बर्फात नाचणारे हिरो-हिरॉइन आठवतात. आज त्यातलं काहीच नाही. आज ब्लाटेनबद्दल बोलू.

2022 च्या जूनमध्ये मी प्रोजेक्टसाठी झुरिकला होतो. एका शनिवारी बर्नवरून गोपनश्टाइनला ट्रेनने गेलो आणि तिथून पिवळ्या पोस्टबसने लोचेनटाल खोऱ्यात शिरलो. ब्लाटेन हे खोऱ्यातलं जवळजवळ शेवटचं गाव, उंची 1540 मीटर, वस्ती तीनशेच्या आसपास. उन्हाने काळी पडलेली लाकडी घरं. कोठारं चार पायांवर उभी, आणि प्रत्येक पायावर एक गोल, सपाट दगड. कशाला? तर उंदरांना वर चढता येऊ नये म्हणून! एवढं साधं, बिनबॅटरीचं डिझाइन मी तरी पाहिलं नव्हतं. झुरिकमध्ये लोक 'ग्रुएत्सी' म्हणतात, इथे एक आजी 'टाग वोल' म्हणाल्या. मी नुसताच हसलो. बाकी आवाज लोंझा नदीचा आणि गाईंच्या घंटांचा. दिवसभर फोन खिशातच राहिला.

हे गाव आता नाहीये.

मे 2025 मध्ये वरच्या क्लाइनेस नेस्टहॉर्न डोंगराचे कडे बिर्च हिमनदीवर कोसळायला लागले. त्या ओझ्याने हिमनदी पुढे सरकू लागली. डोंगरावर लक्ष ठेवणाऱ्यांनी ते ओळखलं, आणि 19 मेला अख्खं गाव रिकामं केलं, गाईगुरांसकट. 28 मेला दुपारी हिमनदी खाली आली. गावाचा बहुतेक भाग गाडला गेला. नदी अडली, उरलेली घरं पाण्यात गेली. एका 64 वर्षांच्या माणसाचा जीव गेला. बाकी सगळे वाचले.

बातमी वाचताना मला आपलं माळीण आठवलं, 30 जुलै 2014. आणि इर्शाळवाडी, 19 जुलै 2023 ची रात्र. तिथे लोक घरातच होते. डोंगर सगळीकडेच कोसळतात हो, पण ब्लाटेनला नऊ दिवस आधी निरोप मिळाला होता. मला राग येतो तो या नऊ दिवसांचा.

ब्लाटेनच्या लोकांना परत तिथेच गाव उभं करायचंय. तुम्ही जाणार असाल, तर खालची किपेल, विलर ही गावं शाबूत आहेत. किपेलला छोटं म्युझियम आहे, तिथले लाकडी भुताचे मुखवटे बघाच. फेब्रुवारीत गेलात, तर तेच घालून पोरं रस्त्यात तुमच्या मागे लागतील!