हॉटेलात राहायला जायचं, की नाटकात काम करायला?

आजचा भाग एका मेसेजवरून सुचलाय. आपल्या एका श्रोत्याने विचारलंय की भाऊ अमेरिकेत असतो, पुढच्या उन्हाळ्यात आई-बाबांना घेऊन सगळे ऑरलँडोला जाणार आहेत, सोबत सहा वर्षांची पुतणी. दादाला थीम हॉटेलचं भयंकर वेड. त्याला साधं हॉटेल नकोच, 'एक्स्पीरियन्स' हवा. बाबांचं म्हणणं, रात्री झोप आणि सकाळी चहा मिळाला की झालं. तर फॅमिलीला घेऊन असल्या हॉटेलात जावं का?

मी उत्तर टाइप करायला बसले आणि ते इतकं लांबत गेलं की म्हटलं, बोलूनच टाकू.

आधी एक गोष्ट वेगळी करून ठेवते, कारण तिथेच सगळा गोंधळ होतो. भिंतीवर चित्रं, पलंगाला जहाजाचा आकार, उशीवर कार्टून, हे झालं सजावटीचं हॉटेल. त्यात काहीच धोका नाही. नाही आवडलं तर दिवा बंद करून झोपा. पण दुसरा एक प्रकार असतो, ज्यात हॉटेल तुम्हाला गोष्टीत ओढतं. कर्मचारी म्हणजे पात्रं, तुम्हीही एक पात्र, आणि तुम्ही काय करता त्यावर पुढचं ठरतं. दादा ज्याला एक्स्पीरियन्स म्हणतोय ते हे. आणि याचं सगळ्यात टोकाचं, सगळ्यात महागडं उदाहरण ऑरलँडोजवळच झालं.

डिस्नेने १ मार्च २०२२ ला 'स्टार वॉर्स: गॅलॅक्टिक स्टारक्रूझर' सुरू केलं. लोक त्याला स्टार वॉर्स हॉटेल म्हणायचे. डिस्ने म्हणायचं, हॉटेल नाही, ही अंतराळातली क्रूझ आहे. आणि तसंच चालायचं ते. शंभर खोल्या, सगळे पाहुणे एकाच दिवशी चढणार, दोन रात्री राहणार, तिसऱ्या दिवशी सकाळी सगळे एकदम उतरणार. चढताना तुम्हाला एका बंद कॅप्सूलमध्ये बसवायचे आणि ती 'वर' जहाजाला जाऊन जोडली जातेय असं दाखवायचे. खोलीला खरी खिडकी नाही, त्या जागी स्क्रीन आणि स्क्रीनवर अंतराळ. मोठ्यांना एक पलंग, मुलांसाठी भिंतीत खोबणीसारखे बंक. स्विमिंग पूल नाही, जिम नाही. बाहेरची हवा खायची तर एक छोटंसं अंगण, बास.

मग करायचं काय? तर काम! फोनवरच्या अ‍ॅपमध्ये पात्रांचे मेसेज यायचे. अमुक वाजता इंजिन रूममध्ये ये, तमुक वस्तू लपवून ने, कॅप्टनला सांगू नकोस. तुम्ही बंडखोरांना मदत करताय की फर्स्ट ऑर्डरच्या त्या लेफ्टनंटला, त्यावर तुमचं पुढचं वेळापत्रक ठरायचं. लाइटसेबरचं ट्रेनिंग, जहाजाच्या ब्रिजवर तोफा चालवायचं ट्रेनिंग, पत्त्यांची स्पर्धा, गाण्यासोबत जेवण. जेवणात निळी कोळंबी. (निळी! माझी मालवणी मैत्रीण हे ऐकून दोन मिनिटं गप्प बसली.) दुसऱ्या दिवशी थीम पार्कच्या स्टार वॉर्स भागात जाऊन तिथलीही कामं उरकायची, आणि रात्री शेवटी जिने, गॅलऱ्या सगळीकडे मोठी लढाई.

मी यातले व्हिडिओ किती तास बघितलेत ते सांगत नाही, घरचेही हा पॉडकास्ट ऐकतात. पण ते बघून एक गोष्ट मला पक्की कळली. हे हॉटेल नव्हतंच, क्रूझही नव्हती. हे साधारण पंचेचाळीस तासांचं नाटक होतं, ज्यात प्रेक्षकांना मधेमधे झोपायची सोय होती.

आता भाव. सुरुवातीला डिस्नेने जे दर दिले त्यात दोन माणसांचे चार हजार आठशे नऊ डॉलर. तीन मोठे आणि एक लहान मूल असं चौघांचं कुटुंब असेल तर पाच हजार नऊशे नव्व्याण्णव. त्या वेळच्या भावाने साडेचार लाख रुपये, दोन रात्रींचे. खाणं त्यात धरलेलं, पार्कचं तिकीट धरलेलं, पण विमानाचं तिकीट वेगळं.

इथे फॅमिलीचं गणित बघा कसं फिरतं. चौघांचे पैसे भरले, पण गोष्ट जगणार किती जण? दादा शंभर टक्के. वहिनी, समजा, साठ टक्के. आई जेवण आणि गाणं बघेल. आणि बाबा दुपारी दोन ते पाच काय करणार? साध्या रिसॉर्टमध्ये बाबा पूलच्या कडेला पेपर घेऊन बसतील, खाली एक चक्कर मारतील, कुणाशी तरी ओळख काढतील. इथे बसायला जागा म्हणजे बार आणि लॉबी, आणि तिथेही कुणीतरी अंतराळवीर येऊन विचारणार, 'तुम्ही आमच्या बाजूचे आहात ना?' बाबा म्हणणार, 'आम्ही पुण्याचे.'

हसू नका. ते उत्तर चालायचं, बरं का! हे मला या सगळ्यात सगळ्यात आवडलेलं आहे. कलाकार इतके तयारीचे होते की आलेल्या माणसाला जसा आहे तसा गोष्टीत घ्यायचे. म्हणून मला ते 'फॅन असाल तरच जा' वालं वाक्य पटत नाही. व्हिडिओंमध्ये असे लोक दिसतात ज्यांनी एकही सिनेमा धड बघितलेला नाही, पण बोलके आहेत, कुणाशीही गप्पा मारतात, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत अख्ख्या कटात सामील झालेले असतात. उलट सगळे सिनेमे पाठ असलेला, पण लाजराबुजरा मुलगा कोपऱ्यात उभा राहून वाट बघतोय की कुणीतरी आपल्याशी बोलावं. म्हणजे खरा प्रश्न आवडीचा नाही, स्वभावाचा आहे. लग्नात नवरीकडच्या अनोळखी लोकांत पाच मिनिटांत मिसळणारी मावशी असते ना, तिला न्या. ती स्टार वॉर्स न बघताच जहाज ताब्यात घेईल.

पण स्वभाव असूनही नशीब लागतं. जेनी निकोल्सन नावाची अमेरिकन यूट्यूबर आहे. तिने मे २०२४ मध्ये या हॉटेलवर सुमारे चार तासांचा व्हिडिओ टाकला आणि तो जगभर पसरला. ती स्वतः पक्की थीम पार्कवेडी. अ‍ॅपवर तिला गोष्ट नीट पुढे सरकतच नाही असं झालं, आणि गाण्याच्या जेवणाला जे टेबल मिळालं त्याच्यासमोर खांब! हजारो डॉलर भरून खांब बघत जेवायचं. साध्या हॉटेलात अ‍ॅप बंद पडलं तर फार तर पिझ्झा उशिरा येतो. इथे अ‍ॅप अडलं की तुमची सुट्टीच अडली, कारण सुट्टी त्या अ‍ॅपमध्येच होती. आणि क्रूझ दोनच रात्रींची. पहिली दुपार गोंधळात गेली तर भरून काढायला वेळ कुठाय?

१८ मे २०२३ ला डिस्नेने बंद करणार म्हणून जाहीर केलं. शेवटची फेरी २८ ते ३० सप्टेंबर २०२३. दीड वर्षाच्या आसपास चाललं. ज्यांना ते लागलं ते परत परत गेले, शेवटच्या फेऱ्यांना रडले. मला त्यांची चेष्टा करायची नाही. आपल्याकडे एकच नाटक वीस वेळा बघणारे आहेतच की! पण नाटक बघायला आपण एकटे जाऊ शकतो, बाबांचं तिकीट काढावं लागत नाही. शंभर खोल्या सतत भरायच्या तर फक्त वेडे लोक पुरत नाहीत, त्यांच्यासोबत येणारं कुटुंबही लागतं. आणि कुटुंबात एकाला जरी करमलं नाही तर सगळ्यांचं लक्ष त्याच्याकडे जातं. हे डिस्नेला माहीत नसेल असं नाही, पण त्या भावात 'थोडंसं येऊन बघून जातो' वाल्या माणसाला दारच नव्हतं. एक दिवसाचं तिकीट नाही, नुसतं जेवायला येणं नाही. चढायचं तर पूर्ण चढायचं.

याच्या बरोब्बर उलटं उदाहरण सांगते. उत्तर स्वीडनमध्ये जुक्कासयार्वी या गावी आइस हॉटेल आहे. टोर्ने नदीचा बर्फ वापरून दर हिवाळ्यात नवीन बांधतात. खोलीत उणे पाच ते उणे आठ अंश, झोपायला जाड स्लीपिंग बॅग. याहून अंगावर येणारं थीम हॉटेल कुठलं? पण बहुतेक पाहुणे बर्फात एकच रात्र काढतात, बाकीच्या रात्री शेजारच्या गरम खोल्यांमध्ये. दिवसा नुसतं तिकीट काढून बर्फाच्या खोल्या बघून परतही जाता येतं. म्हणजे दादाने बर्फात झोपावं, आईने तिथेच गरम खोलीत झोपावं, आणि सकाळी दोघांनी एकत्र नाश्ता करावा. दोघांची सुट्टी एकच, डोस वेगळा.

जपानची गंमत तर तुम्ही ऐकली असेल. नागासाकी भागात २०१५ मध्ये 'हेन ना हॉटेल' सुरू झालं, रोबोट चालवतात ते. रिसेप्शनला डायनासोर. खोलीत एक छोटी बाहुली, तिच्याशी बोलायचं. एका पाहुण्याच्या घोरण्याला ती प्रश्न समजायची आणि रात्रभर त्याला उठवून विचारायची की माफ करा, नीट कळलं नाही, पुन्हा सांगता का? २०१९ मध्ये बातमी आली की त्यांनी २४३ पैकी निम्म्याहून जास्त रोबोट काढून टाकले. आमचे काका घोरतात त्या आवाजात ती बाहुली राजीनामा देऊन गेली असती, पण मुद्दा कळला ना? ज्या थीमला गप्प करता येत नाही, तिच्यासोबत झोपता येत नाही.

आपल्याकडे असं काही नाही असं समजू नका. खेडेगावाची थीम असलेले रिसॉर्ट आहेत, हुरडा पार्टी आहे, कृषी पर्यटन आहे. तेही कथेतलंच जग आहे, फक्त कथा आपल्या आजोबांची. पुण्याजवळच्या अशा एका ठिकाणी आम्ही बाबांना घेऊन गेलो होतो. दारात फेटा बांधायला आले, तर बाबा म्हणाले, मला बांधता येतो, द्या इकडे. पुढे बैलगाडी. बाबांनी आधी बैलाचे खूर तपासले. माझा लहान चुलतभाऊ मात्र वेडा झाला, तीन फेऱ्या मारल्या. बाबा तेवढा वेळ बाजेवर पडून होते, आणि तिथे कुणी त्यांना उठवलं नाही. चांगल्या जागेचं लक्षण मला विचाराल तर ती बाज. गोष्ट चालू असताना कुणी आडवं पडलं तर चालतं का?

आता श्रोतेदादा, तुमच्या ऑरलँडोकडे येऊ. स्टारक्रूझर तर बंद झालंय, त्यामुळे भाऊ त्याचे व्हिडिओ दाखवत असेल तर बघू द्या, फुकट आहेत. तुमच्या गोतावळ्यासाठी मी डिस्नेचं अ‍ॅनिमल किंगडम लॉज सुचवेन. २००१ पासून आहे. काही खोल्यांच्या बाल्कनीसमोर सव्हाना केलेलं आहे आणि त्यात जिराफ, झेब्रे खरोखर चरतात. तुम्हाला कुणी मिशन देत नाही. जिराफाला तुमची गरजच नाही, तो चालत जातो, तुम्ही बघा नाहीतर झोपा. सव्हानाच्या बाजूच्या खोल्या महाग असतात, पण तेवढे पैसे काढायचे नसले तरी जिराफ बघता येतो. तिथल्या 'साना' नावाच्या रेस्टॉरंटच्या खिडक्यांतूनही प्राणी दिसतात, आणि तिथे नान-चटण्यांची एक थाळी मिळते. हॉटेलात न राहताही तिथे जेवायला जाता येतं. एक संध्याकाळ जाऊन बघा, बाबांचा चेहरा बघा, मग ठरवा.

पुतणीसाठी म्हणाल तर फ्लोरिडातच विंटर हेवनला लेगोलँड हॉटेल आहे. मुलांना खोलीत वेगळा बंक, आणि एक तिजोरी, जी कोड्यांची उत्तरं शोधून उघडायची. सहा वर्षांच्या मुलीला तेवढी गोष्ट पुरते. तिजोरी उघडली की संपली, मग सगळे झोपायला मोकळे. एक रात्र तिथे, बाकीच्या रात्री साध्या हॉटेलात.

आणि बुकिंग करायच्या आधी दादाला एकच प्रश्न विचारा. दुपारी दोन ते पाच बाबा कुठे असतील? हॉटेलच्या वेबसाइटवर ती जागा शोधून दाखव म्हणावं, फोटोसकट. सापडली तर पैसे भरा. चहाची किटली मात्र घरूनच न्या. अमेरिकेतल्या हॉटेलच्या खोलीत बहुतेकदा कॉफीचं मशीन असतं, आणि त्यात केलेला चहा बाबा पिणार नाहीत.