वर्षारंभ मुलाच्या अंगणात

(जोतिबा डोंगरावर बालवाडी व अंगणवाडी सेविकांच्या वर्षारंभ वर्गात केलेले भाषण)



आज वर येताना धुक्यामुळे देवळाची शिखरे दिसलीच नाहीत. चैत्र पौर्णिमेच्या सासनकाठ्या केव्हाच आपापल्या गावी परतल्या, गुलाल पावसाने धुऊन नेला. आता या डोंगरावर दुसराच गजर ऐकू येईल. आईचा पदर पहिल्यांदाच सोडावा लागलेल्या तीन-चार वर्षांच्या मुलांच्या रडण्याचा! आपले नवे वर्ष या रडण्यापासून सुरू होते. त्याचे काय करावयाचे, एवढाच माझा आजचा विषय आहे.

मी शिक्षणशास्त्राचा पंडित नव्हे. कला शाखेची पदवी घेऊन वृत्तपत्रात आयुष्य घालविलेला माणूस. परंतु महाराष्ट्रातील बालशिक्षणाची कथा मी आवडीने वाचली आहे आणि ती आपणा सर्वांच्या कामाची आहे.

ताराबाई मोडक १९२३ मध्ये गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम करण्यासाठी भावनगरला गेल्या. माँटेसरीबाईंची पद्धत या दोघांनी आपल्या मातीत रुजविली आणि १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला. पुढे मुंबईच्या दादरमध्ये ताराबाईंनी शिशुविहार चालविला. तो मध्यमवर्गाचा बालवर्ग. एवढ्यावर त्या थांबल्या असत्या, तरी त्यांचे नाव राहिले असते. पण वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, १९४५ मध्ये, त्या बोर्डीसारख्या खेड्यात गेल्या. सोबत अनुताई वाघ होत्या. बालपणीच वैधव्य आलेल्या, कष्टाने शिकून शिक्षिका झालेल्या.

तेथे काय घडले? बालवाडी उघडली, पण ज्यांच्यासाठी उघडली, ती मुले येईनात. अशा वेळी आपण काय करतो? पालकांना आस्था नाही, असा शेरा मारून मोकळे होतो. ताराबाईंनी शाळाच उचलली आणि मुलांच्या वस्तीत, त्यांच्या अंगणात नेऊन ठेवली. आधी हातपाय धुणे, नखे काढणे, केस विंचरणे. मग गाणी, गोष्टी. महागड्या साधनांऐवजी शिंपले, बिया, पाने, खडे. ‘अंगणवाडी’ या शब्दाचा उगम या प्रयोगात आहे. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारली मुले गुरांमागे रानात जातात असे दिसले, तेव्हा शिक्षिका कुरणात गेल्या आणि कुरणशाळा भरली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्रांना हेच अंगणवाडीचे नाव मिळाले. नाव देशभर गेले. अंगणात जाण्याची वृत्ती तेवढी गेली का, हे ज्याने त्याने आपल्या केंद्रापुरते पाहावे.

घरचीच एक गोष्ट सांगतो. माझी कन्या तीन वर्षांची असताना आम्ही तिला शहरातील एका नामांकित शाळेत प्रवेशासाठी नेले. बाईंनी एक रंगीत पुठ्ठा दाखविला आणि विचारले, “कलर कोणता?” मुलगी ताडकन म्हणाली, “गुलाली!” बाईंना ‘पिंक’ हवे होते. त्यांनी कागदावर फुली मारली. वर्षानुवर्षे चैत्रात आजीचे हात पाहिलेल्या मुलीने अचूक उत्तर दिले होते, आणि तिचा बाप खालमानेने बसून राहिला. ती फुली तिच्यापेक्षा मलाच अधिक लागली. का बोललो नाही, याचे उत्तर आजही माझ्याजवळ नाही.

म्हणून विनंती अशी, की पहिला पंधरवडा पाटी-पेन्सिल बाजूला ठेवा. नवी मुले एकाच दिवशी सगळी बोलावू नका. चार-पाच जणांची तुकडी बोलवा, ती रुळली की पुढची. आई किंवा आजी दोन दिवस कोपऱ्यात बसली तर बसू द्या. निघताना तिने मुलाला सांगून निघावे. नजर चुकवून पळाली, तर दुसऱ्या दिवशी मूल दारातूनच मागे फिरते. “रडलास तर पोलीस नेईल” हे वाक्य कोणाच्याही तोंडी येता कामा नये. रडणाऱ्या मुलाला शब्दांपेक्षा मांडी आणि हाताला काही काम लागते. माती मळायला द्या, बिया निवडायला द्या. पुढे पेन्सिल धरणारी बोटे तेथेच तयार होतात.

आणि तुमच्याकडे साधनांची काय वाण? दवण्याचा वास डोळे मिटून ओळखणे, खोबऱ्याच्या वाट्या लहान-मोठ्या लावणे, पायऱ्या चढता चढता मोजणे, हलगीच्या ठेक्यावर चालणे. येथील कितीएक घरांत रविवार हा सर्वांत धावपळीचा दिवस. माघातल्या खेट्यांच्या रविवारी तर विचारूच नका. ज्या घरची आई दिवसभर दुकानात उभी होती, तिचे मूल सोमवारी उशिरा आले, तर हजेरीपटाकडे पाहण्याआधी त्या घराकडे पाहा.

पालकांशीही दोन शब्द. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते सहा ही वर्षे शिक्षणाच्या पायाभूत टप्प्यात घेतली. आनंदाची गोष्ट आहे. परंतु याचा अर्थ पहिलीचा अभ्यास तीन वर्षे अलीकडे ओढणे असा नव्हे. शेजारच्याचा मुलगा साडेतीन वर्षांचा असताना शंभरपर्यंत आकडे म्हणतो, म्हणून आपल्या मुलाला दटावू नका. ‘सात’ म्हणणे वेगळे आणि सात खोबरी मोजून देवाच्या ताटात ठेवणे वेगळे. पाडव्याला पाटीपूजन जरूर करा. मात्र पूजेनंतर ती पाटी मुलाला चित्रे काढायला द्या.

येत्या सोमवारी दार उघडाल. त्याआधी दोन दिवस हातात आहेत. नव्या मुलांची यादी घ्या आणि पाऊस थोडा उघडला की प्रत्येकाच्या घरी पाच मिनिटे जाऊन या. मुलाला घरात काय म्हणून हाक मारतात, तेवढे विचारून ठेवा.